माळ्यावरचा कॉम्प्युटर, आतले व्हायरस आणि आपल्या फायली

 

आजचा विषय थोडा धुळीचा आहे. बऱ्याच घरांत माळ्यावर, पलंगाखाली किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर पडलेला असतो. पिवळा पडलेला सीपीयू, आत विंडोज एक्सपी, सोबत गोळीचा माऊस. त्यात आजोबांनी एका बोटाने टाईप केलेल्या आठवणी असतात, आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो असतात, सोसायटीचा दहा वर्षांचा हिशोब असतो, नाहीतर काकांच्या प्रेसमध्ये लागलेल्या दिवाळी अंकाची पानं असतात. आणि घरात सगळ्यांना त्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते: "हात लावू नकोस, त्यात व्हायरस आहे."

मग एक दिवस भंगारवाला येतो, आणि ते सगळं किलोच्या भावाने जातं.

तुमच्यापैकी अनेकांच्या हातात पहिल्यांदा आला तो थेट स्मार्टफोनच. फोटो काढला की तो आपोआप क्लाउडवर जातो. त्यामुळे "फाइल एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेताना रोग सोबत येऊ शकतो" हे ऐकून जरा गंमतच वाटेल. पण १९८६ ते साधारण २०१२ या काळात जगातल्या कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाची ही रोजची डोकेदुखी होती. अशा यंत्रातून फायली सुखरूप बाहेर कशा काढायच्या याचे जे नियम आज सांगितले जातात, ते कोणी टेबलावर बसून ठरवलेले नाहीत. प्रत्येक नियम कुठल्यातरी अपघातानंतर आलाय. तर आज मी त्या अपघातांची गोष्ट सांगते, आणि शेवटी आपण माळ्यावरच्या कॉम्प्युटरकडे जाऊ.

लाहोरची फ्लॉपी

सुरुवात फ्लॉपीपासून. १९८२ साली अमेरिकेतल्या रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी एक खोडी लिहिली. नाव एल्क क्लोनर. संसर्ग झालेल्या फ्लॉपीवरून कॉम्प्युटर सुरू केला की हा कार्यक्रम मेमरीत जाऊन बसायचा, आणि नंतर दुसरी फ्लॉपी घातली की तिच्यावर आपली प्रत उतरवायचा. दर पन्नासाव्या वेळी स्क्रीनवर एक छोटी कविता यायची. नुकसान फारसं नाही. पण युक्ती नवी होती: माणसं फ्लॉप्यांची देवाणघेवाण करतात, तेव्हा आपणही त्यांच्यासोबत फिरायचं.

खरी धावपळ सुरू झाली १९८६ मध्ये, आणि तीही आपल्या शेजारून. लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोन भाऊ सॉफ्टवेअरचा धंदा करत होते. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून आपण हे केलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. 'हे' म्हणजे ब्रेन, आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस. गंमत अशी की व्हायरसच्या आतच त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते! थोड्याच दिवसांत परदेशांतून फोन यायला लागले. २०११ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, फिनलंडचे सुरक्षातज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन तोच पत्ता घेऊन लाहोरला गेले, तर दोघे भाऊ तिथेच भेटले.

आता नीट ऐका, कारण आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. ब्रेन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. बूट सेक्टर म्हणजे डिस्कचा अगदी पहिला कप्पा, कॉम्प्युटर सुरू होताना आधी वाचतो तो. आणि ब्रेन मेमरीत असताना कोणी तो कप्पा तपासायला गेलं, तर ब्रेन मध्येच ती विचारणा अडवायचा आणि दुसरीकडे जपून ठेवलेला मूळ, स्वच्छ कप्पा दाखवायचा. तपासणारा म्हणायचा, "काही नाही, सगळं ठीक आहे."

म्हणजे चोरीची चौकशी करायला आपण ज्याला नेमलं, तोच चोर. यातून पहिला नियम आला: बाधित यंत्राला त्याच्याच प्रकृतीबद्दल विचारायचं नाही. त्याच्या स्वतःच्या विंडोजमधून फायली पाहिल्या, त्याच्यावरच्याच अँटिव्हायरसने तपासल्या, तर मिळणारं उत्तर विश्वासाचं नसतं. यंत्र बाहेरच्या, स्वच्छ डिस्कवरून सुरू करायचं, किंवा त्याची डिस्क काढून दुसऱ्या यंत्रातून बघायची. त्या काळचे लोक यासाठी एक स्वच्छ बूट फ्लॉपी बाजूला ठेवायचे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची, तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. एवढ्याशा चिकटपट्टीने किती डेटा वाचवला असेल, विचार करा.

सहा मार्चची धास्ती

१९९१ मध्ये मायकेलँजेलो नावाचा व्हायरस सापडला. तो वर्षभर गप्प बसायचा आणि ६ मार्चला, म्हणजे चित्रकार मायकेलँजेलोच्या जन्मदिवशी, डिस्कचा सुरुवातीचा भाग कचऱ्याने भरून टाकायचा. १९९२ चा ६ मार्च जवळ आला तसा जगभरच्या वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. काहींनी तर ५० लाख कॉम्प्युटर जातील असं भाकीत केलं. प्रत्यक्षात फटका काही हजार यंत्रांना बसला. लोक हसले. पण त्या धास्तीमुळे सामान्य माणसाला "बॅकअप" हा शब्द कळला, हेही खरं.

याच दशकात पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांमध्ये बिघाड कमी आणि व्हायरस जास्त, असं चित्र होतं. त्यांचे धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी हे व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून पुढे क्विक हील उभी राहिली. लाहोरच्या दोन भावांनी व्हायरस लिहिला आणि पुण्याच्या दोन भावांनी त्यावरचं औषध विकलं, अशी ही उपखंडाची कहाणी. जाहिरात करत नाहीये बरं का! सांगायचं एवढंच, की व्हायरसचा इतिहास हा फक्त अमेरिकेचा इतिहास नाही.

सव्वीस एप्रिल

मायकेलँजेलोला हसलेले लोक १९९९ मध्ये गप्प झाले. तैवानमधला विद्यार्थी चेन इंग-हाऊ याने १९९८ मध्ये एक व्हायरस लिहिला होता. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सीआयएच म्हणतात. तो २६ एप्रिलला जागा व्हायचा. चेर्नोबिलचा अणुअपघातही २६ एप्रिलचाच, १९८६ चा, म्हणून लोकांनी त्याला चेर्नोबिल हे नाव दिलं. २६ एप्रिल १९९९ या दिवशी आशियात हाहाकार झाला. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, आणि आपला भारतही त्यात होता.

सीआयएच दोन गोष्टी करायचा. हार्डडिस्कच्या सुरुवातीच्या भागावर शून्य लिहायचा, आणि काही यंत्रांत मदरबोर्डवरच्या बायोस चिपमधलाच मजकूर खराब करायचा. बायोस गेला की यंत्र सुरूच होत नाही. लोकांना वाटायचं, सगळं गेलं. पण अनेक डिस्कवर सुरुवातीचा भाग सोडला तर पुढे फोटो, पत्रं, हिशोब तसेच पडलेले होते. ज्यांनी घाईघाईने डिस्क फॉरमॅट केली त्यांचं खरोखर गेलं. ज्यांनी ती काढून जाणकाराकडे दिली, त्यातल्या बऱ्याच जणांचं परत मिळालं.

अजून एक. हा व्हायरस डॉट ईएक्सई फायलींमध्ये, म्हणजे चालवायच्या प्रोग्रॅममध्ये शिरायचा. आणि त्या फायलींमध्ये ज्या रिकाम्या जागा असतात त्यांत स्वतःचे तुकडे बसवायचा. त्यामुळे फाइलचा आकार एका बाईटनेही वाढायचा नाही. "साईज तीच आहे, म्हणजे फाइल चांगली आहे" हा लोकांचा आडाखा तिथेच मोडला.

इथून दोन नियम. एक: यंत्र सुरू होत नाही म्हणजे फायली गेल्या असं नाही, घाईने फॉरमॅट मारू नका. दुसरा: जुन्या यंत्रातून प्रोग्रॅम आणायचे नाहीत, फक्त आपला मजकूर आणायचा. प्रोग्रॅम नव्याने मिळतात, आजोबांच्या आठवणी मिळत नाहीत.

प्रेमपत्र आणि शेपटी

आता तुम्ही म्हणाल, मग वर्डच्या फायली तर सुरक्षित? साधारण १९९५ पर्यंत लोक तसंच मानत होते. त्या वर्षी कन्सेप्ट नावाचा व्हायरस आला आणि तो थेट वर्डच्या फायलींतून पसरला. वर्डमध्ये मॅक्रो नावाची सोय आहे, म्हणजे फाइलच्या आतच छोटे आदेश लिहून ठेवता येतात. पत्र उघडलं की आदेश चालले. १९९९ मध्ये मेलिसाने हेच तंत्र ईमेलला जोडलं.

आणि मग ४ मे २०००. "आय लव्ह यू" असा विषय असलेली मेल जगभर फिरली. सोबत प्रेमपत्र. फाइलच्या नावाच्या शेवटी दिसत होतं 'डॉट टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर. पण खरी शेपटी त्याच्याही पुढे होती: 'डॉट व्हीबीएस', म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. विंडोज ओळखीच्या शेपट्या लपवतं, त्यामुळे ती अनेकांना दिसलीच नाही. उघडल्यावर स्क्रिप्टने लोकांच्या जेपीजी फोटोंच्या जागी स्वतःच्या प्रती लिहिल्या. फोटो गेले ते गेलेच. गाण्यांचं मात्र वेगळं झालं: एमपीथ्री फायली तिने नुसत्या लपवल्या आणि त्यांच्या नावाने नकली फायली ठेवल्या. ज्यांनी "गाणी पण गेली" म्हणून डिस्क पुसली, त्यांनी शाबूत गाणी स्वतःच्या हाताने पुसली.

हे लिहिणारा ओनेल डी गुझमन मनिलाचा होता. फिलिपिन्समध्ये तेव्हा या गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, त्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा, २००० चा. त्याच्या ४३ व्या कलमात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

नियम: फाइलची पूर्ण शेपटी बघितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. 'लग्नाचे फोटो डॉट जेपीजी डॉट ईएक्सई' हा फोटो नसतो. आणि जुनी वर्ड किंवा एक्सेल फाइल उघडताना "मॅक्रो सुरू करू का?" असं विचारलं, तर उत्तर नाही. मजकूर वाचायला मॅक्रो लागत नाही.

पेन ड्राइव्हचं दशक

२००० च्या सुमारास यूएसबी पेन ड्राइव्ह बाजारात आले. आयबीएमचा त्या वेळचा ड्राइव्ह ८ एमबीचा होता. आज तुमच्या फोनने काढलेले दोन-तीन फोटोही त्यात मावणार नाहीत! पण फ्लॉपीत मावायचं जेमतेम १.४४ एमबी, म्हणून लोकांना तो चमत्कारच वाटला.

विंडोज ९५ पासून ऑटोरन नावाची एक सोय होती. सीडी घातली की ती आपोआप सुरू व्हायची. सोय चांगली, पण पुढे पेन ड्राइव्हवरही 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाची चिठ्ठी ठेवून हेच साधता येऊ लागलं. २००८ च्या शेवटी पसरलेल्या कॉनफिकरने तर कमाल केली. ड्राइव्ह लावल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात त्याने फोल्डरचं चित्र आणि "फायली बघण्यासाठी फोल्डर उघडा" अशा अर्थाचा खोटा पर्याय टाकला. माणूस फोल्डर समजून क्लिक करायचा आणि व्हायरस चालू व्हायचा. लाखो यंत्रं सापडली.

त्याच वर्षी मध्यपूर्वेतल्या अमेरिकी लष्करी तळावर कोणीतरी एका लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला आणि लष्कराच्या गोपनीय जाळ्यापर्यंत किडा पोचला. पेंटॅगॉनने पेन ड्राइव्हवर बंदीच घातली. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट इराणच्या नतान्झ अणुकेंद्रासाठी लिहिलेला होता, पण तो इंडोनेशिया आणि भारतातही बराच फिरला. त्यात फाइल उघडायचीही गरज नव्हती. ड्राइव्हवरच्या शॉर्टकटचं चित्र विंडोजने नुसतं दाखवलं तरी तो आत शिरायचा. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठी अपडेट देऊन पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. तुमच्या माळ्यावरच्या यंत्राला ते अपडेट मिळालंय की नाही, कोण सांगणार?

आपल्याकडे मात्र ऑटोरननंतरही एक प्रकरण चालूच राहिलं. सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान, कॉलेजची लॅब. प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह दिला की परत आल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. तुमच्या ताई-दादांना विचारा, सबमिशनच्या आदल्या रात्री काय हाल व्हायचे ते. खरं तर फायली तिथेच असायच्या. व्हायरस त्यांना "लपलेली" आणि "सिस्टिमची" असे शिक्के मारायचा आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे नकली शॉर्टकट ठेवायचा. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालायचा, मग खरा फोल्डर उघडायचा, म्हणून संशयही यायचा नाही.

नियम: बाधित यंत्राला लावलेला पेन ड्राइव्ह बाधित समजायचा. आणि हे फोनलाही लागू आहे. विंडोजचा व्हायरस अँड्रॉइडवर चालत नाही, हे बरोबर. पण मेमरी कार्डवर बसून तो पुढच्या कॉम्प्युटरपर्यंत आरामात प्रवास करतो. म्हणून जुन्या कॉम्प्युटरला चार्जिंगपुरताही फोन लावू नका.

न्हावा शेवा ते घाना

शेवटचा धडा नेटवर्कचा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला, आणि दीड महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या. दोघांनाही पेन ड्राइव्हची गरज नव्हती. एका जाळ्यातलं एक यंत्र सापडलं की शेजारची यंत्रं आपोआप. नॉटपेट्याने मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि त्याचा धक्का थेट आपल्या उरणजवळ बसला: न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या, त्याच उद्योगसमूहाने चालवलेल्या टर्मिनलचं काम थांबलं. कंटेनरांच्या रांगा लागल्या.

मर्स्क सावरली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. कंपनीच्या जाळ्याचा जो मूळ आराखडा असतो, त्याच्या जगभरातल्या सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या, म्हणून सगळ्याच पुसल्या गेल्या. वाचली ती फक्त एक, आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयातली. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती! तो सर्व्हर बंद होता म्हणून वाचला. मग ती डिस्क माणसाच्या हाताने विमानातून इंग्लंडला नेली गेली.

नियम दोन. जुनं यंत्र घरच्या वायफायला किंवा लॅनला जोडायचं नाही. एक्सपीला सुरक्षा अपडेट देणं ८ एप्रिल २०१४ लाच थांबलंय. आणि बॅकअपची एक प्रत तरी कशालाही न जोडलेली असावी.

मग आता करायचं काय?

चला, माळ्यावर जाऊ.

आधी यंत्र सुरू करण्याचा मोह आवरा. आपल्याला त्याच्या विंडोजमध्ये जायचंच नाहीये. आपलं हत्यार आहे लिनक्स, तेही कुठेही इन्स्टॉल न करता. २००० साली क्लाउस नॉपर या जर्मन तंत्रज्ञाने नॉपिक्स आणलं, म्हणजे सीडीवरून थेट चालणारं लिनक्स. आज उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून तसंच चालतं. यंत्र फारच जुनं असेल, तर पपी लिनक्ससारखं हलकं काहीतरी. लाहोरच्या ब्रेनने शिकवलेली ती स्वच्छ बूट फ्लॉपी, तिचंच हे नातवंड.

दोन रस्ते आहेत. पहिला: जुनं यंत्र याच पेन ड्राइव्हवरून किंवा सीडीवरून सुरू करायचं. सुरू होताना एफ१२, एफ२, डिलीट यांपैकी एखादी कळ दाबून कशावरून सुरू व्हायचं ते निवडता येतं. दुसरा आणि मला जास्त पसंत: प्लग काढून हार्डडिस्क बाहेर काढायची. रुंद पट्टीची केबल असेल तर ती आयडीई, बारीक असेल तर साटा. दोन्हींना यूएसबीशी जोडणारे अडॅप्टर मिळतात. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळी वीज लागते, तेव्हा सोबत पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. आणि ही डिस्क लिनक्सवर चाललेल्या यंत्रालाच जोडा, नेहमीच्या विंडोजला नाही.

लिनक्समध्ये दोन फायदे होतात. विंडोजचे ईएक्सई तिथे आपोआप चालत नाहीत. आणि विंडोजचे "लपलेली फाइल" वाले शिक्के तिथे सहसा मानले जात नाहीत, त्यामुळे शॉर्टकट व्हायरसने गायब केलेले फोल्डर समोर दिसतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा गुप्तधन सापडल्यासारखं वाटेल!

आता कॉपी. मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही, काही डिलीट करायचं नाही. जमत असेल तर ती फक्त वाचण्यापुरतीच जोडायची. एक्सपीत माणसाच्या फायली 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये असतात. डी ड्राइव्हही बघा. घ्यायचं काय? फोटो, गाणी, व्हिडिओ, वर्ड, एक्सेल, पेजमेकर, पीडीएफ. सोडायचं काय? ईएक्सई, एससीआर, पीआयएफ, बीएटी, व्हीबीएस, डीएलएल, एलएनके म्हणजे शॉर्टकट, आणि ऑटोरनची ती चिठ्ठी. जतन केलेली वेबपानंही सोडा, कारण २०१० चा रॅमनिट एचटीएमएल फायलींतही शिरायचा. झिप फायली वेगळ्या ठेवा, तपासून मगच उघडा.

डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल, तर मात्र तिथेच थांबा. तो व्हायरस नव्हे, यंत्राचा बिघाड आहे, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक तो वाढतो. अशी डिस्क डेटा परत मिळवणाऱ्याकडे द्या.

कॉपी झालेल्या फायली नव्या यंत्रावर नेल्यावर, उघडायच्या आधी, अपडेट केलेल्या अँटिव्हायरसने तपासा. पण त्याच्या भरवशावर सगळं सोडू नका. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने ऐंशीच्या दशकातच दाखवून दिलंय, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणं तत्त्वतःच शक्य नाही. म्हणून तर आधी गाळणी आणि मग तपासणी. शेवटी दहा-वीस फायली उघडून बघा, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा, आणि मगच जुन्या डिस्कचं काय करायचं ते ठरवा.

एक मराठी अडचण

आणि आता एक गोष्ट, जी इंग्रजीतल्या कुठल्याच यादीत तुम्हाला सापडणार नाही.

समजा सगळं नीट झालं. आजोबांची फाइल उघडली, आणि समोर काय? इंग्रजी अक्षरं, चिन्हं, उलटेसुलटे कंस. घरचे म्हणतात, "बघ, व्हायरसने खाल्ली." डिलीट!

थांबा. व्हायरसने काही खाल्लेलं नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर चालायचं. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच्याच सांकेतिक क्रमांकांवर बसलेली असायची, फक्त फाँट त्यांना देवनागरीचा चेहरा द्यायचा. फाँट नाही, तर चेहरा नाही. मजकूर शाबूत आहे, मुखवटा हरवलाय एवढंच.

म्हणून जुन्या डिस्कवरून अजून एक गोष्ट आणायची: विंडोजच्या फोल्डरमधला 'फाँट्स' हा फोल्डर. त्यातल्या टीटीएफ फायली तपासून घ्या. टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र आणू नका, ते ईएक्सईच. मग फाइलमध्ये कुठला फाँट वापरलाय त्याचं नाव बघा, त्याप्रमाणे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं, रफार थोडे हातानेच सुधारावे लागतात. वेळ लागतो, पण मजकूर पुन्हा शोधता येतो, फोनवर वाचता येतो.

मला या सगळ्यात खरी काळजी याचीच वाटते. नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठीत जे टाईप झालं, त्यातलं कितीतरी छापलंच गेलं नाही: पत्रं, भाषणं, गावच्या मंडळांचे अहवाल, नाटकाच्या संहिता. कागदावर असतं तर वाळवी लागायला तरी वेळ लागला असता. इथे एक अफवा पुरते: "त्यात व्हायरस आहे." व्हायरसने जेवढ्या फायली नेल्या असतील, त्याहून जास्त या एका वाक्याच्या भीतीने भंगारात गेल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. घरात विचारा, जुना कॉम्प्युटर कुठाय, आणि त्यात कोणाचं काय आहे. ज्यांचं आहे ते माणूस घरात असेल, तर त्यांना शेजारी बसवा. कुठली फाइल कशाची, हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

आजच्यापुरतं एवढंच. काही सापडलं तर जरूर कळवा, विशेषतः जुन्या फाँटमधलं काही सोडवलंत तर. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, अनोळखी पेन ड्राइव्ह दिसला तर दुरूनच नमस्कार!